वनस्पतिजन्य सरफॅक्टंट

धुलाई पावडरीतला तेलकट मळ सोडवणारा मुख्य घटक म्हणजे सरफॅक्टंट. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते, दुसरीकडची लांब कार्बनसाखळी तेलात शिरते. ही साखळी खनिज तेलातून घ्यावी की वनस्पतींतून, असा वाद आहे. त्यात कच्चा माल कुठून आला आणि वापरानंतर सांडपाण्यात त्याचे काय होते, या दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते.

विघटन ठरते ते रेणूच्या रचनेवर. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे थर साचत, कारण प्रोपिलीनपासून बनवलेल्या फाटे फुटलेल्या साखळ्या जीवाणूंना पचत नसत. १९६०च्या दशकात उद्योग सरळ साखळीच्या ‘एलएएस’कडे (लिनियर अल्किलबेंझीन सल्फोनेट या सरफॅक्टंटकडे) वळला आणि फेस ओसरला. एलएएसही पेट्रोलियमचेच, त्याला लागणारे अल्किलबेंझीन रायगड जिल्ह्यात पाताळगंगेलाही तयार होते. हवा मिळाली की एलएएस भराभर विघटित होते, प्राणवायू नसलेल्या गाळात मात्र टिकून राहते.

वनस्पतींचा पर्याय दिसतो तितका मोकळा नाही. धुलाईला १२ ते १४ कार्बनची साखळी लागते. सोयाबीन, सूर्यफूल यांच्या तेलात मुख्यतः १८ कार्बनची साखळी असते. म्हणून उरतात खोबरेल आणि पामच्या बियांतल्या गराचे तेल. दोन्हींत १२ कार्बनचे लॉरिक आम्ल जवळपास निम्मे. त्यापासून मिळणारे लॉरिल अल्कोहोल पेट्रोलियमच्या इथिलीनपासूनही बनते, आणि दोन्ही सारख्याच वेगाने विघटित होतात. फरक पडतो कार्बनच्या हिशेबात. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन विघटनानंतर हवेतच परततो, पेट्रोलियमचा मात्र नव्याने भर घालतो. पण इंडोनेशियात जंगल तोडून, पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या कार्बनयुक्त थराची) दलदल कोरडी करून पाम लावला असेल, तर हा फायदा पार बुडतो. शिवाय पाम तेलाच्या गिरण्यांच्या सांडपाण्याच्या उघड्या तळ्यांतून मिथेन निघतो. म्हणून मळ्याचा पत्ता न सांगणारे ‘वनस्पतिजन्य’ हे लेबल अपुरेच म्हणावे लागते.

लॉरिल अल्कोहोलपासून बनणाऱ्या, शाम्पूतल्या ‘एसएलईएस’ (सोडियम लॉरिल इथर सल्फेट) या सरफॅक्टंटला लागणारे इथिलीन ऑक्साइड सहसा पेट्रोलियमचे असते, उत्तराखंडात काशीपूरला ते उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासूनही बनवले गेले आहे.

रिठ्यातला फेस आणणारा घटक, सॅपोनिन, तर पूर्ण नैसर्गिक, तरी माशांच्या कल्ल्यांना घातक. काही भागांत रिठा टाकून मासे गुंगवून पकडत. यीस्टकडून आंबवून मिळणारी सोफोरोलिपिडे (साखर आणि मेदाम्ल जोडून बनलेले सरफॅक्टंट) सहज विघटित होतात आणि त्यांना पामवर अवलंबून राहावे लागत नाही, पण साखर, वीज आणि शुद्धीकरण यांचा खर्च मोठा आहे.