पुण्याहून एका दिवसाच्या तीन सहली, आणि त्यांच्या वेळा अशा विचित्र का

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एका दिवसात किती ठिकाणं दाखवता?" दोन. फार तर तीन. दुसरा प्रश्न निघण्याच्या वेळेचा. भिगवणला आम्ही पहाटे चारला निघतो आणि कार्ल्याला चक्क सकाळी अकराला, हे ऐकून लोकांना वाटतं छापताना चूक झाली. तसं नाही. म्हणूनच हे पत्रक.

भिगवण आणि भुलेश्वर (जानेवारी ते मार्च, पहाटे 4)

सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण शंभर किलोमीटर. उजाडताना होडीत बसलेलं असावं, कारण ऊन चढलं की वारा सुटतो आणि होडी डुलायला लागते. हे पाणी म्हणजे उजनीचा फुगवटा. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि काठची गावं उठून वर सरकली. पळसदेवचं जुनं देऊळ तेव्हाच पाण्यात गेलं. उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं की ते बाहेर येतं.

होडीवाले तिथलेच मच्छीमार. पाणी उतरून दलदल उघडी पडली की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उथळात उतरतात आणि चोच उलटी बुडवून चिखल गाळत फिरतात. पाणी उशिरापर्यंत भरलेलं राहिलं तर तेही उशिरा येतात, त्यामुळे ते दिसतीलच असं आम्ही लिहून देत नाही. चित्रबलाक बहुधा भेटतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब दिसले तर जरा थांबून बघा : ते हिमालय ओलांडून आलेले असतात. एक विनंती. फोटोसाठी थवा उडवायला होडीवाल्याला सांगू नका. आम्ही त्याला आधीच नको म्हटलेलं आहे.

जेवणात चिलापीचं कालवण, शाकाहारी मंडळींना पिठलं-भाकरी. परतताना यवतजवळून डोंगरावर भुलेश्वर. लांबून घुमट आणि मनोरे दिसतात, देऊळ आहे असं वाटतच नाही. आत शिरल्यावर मात्र यादवकाळचं काळ्या दगडातलं कोरीवकाम अंगावर येतं. बऱ्याच मूर्ती फोडलेल्या आहेत, तरी शरपंजरी पडलेले भीष्म ओळखू येतात. स्त्रीरूपातला गणपती उंचावर आहे, दाखवल्याशिवाय सापडत नाही. देवळाभोवतीची तटबंदी दौलतमंगळ किल्ल्याची. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने 1630च्या आसपास पुणं उद्ध्वस्त केलं, आणि इकडे हा किल्ला बांधला. पुणेकरांनी तो एकदा तरी पाहावा, नाही का? आत अंधार असतो, बॅटरी आणा.

कार्ले आणि भाजे (ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी 11)

दोन्ही लेण्यांची तोंडं पश्चिमेला. सकाळी गेलात तर चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनेच्या दालनात, काळोखच बघाल. दुपार कलली की ऊन दारातून आत येतं, आणि कार्ल्याचं जवळजवळ 38 मीटर लांबीचं दालन उजळायला लागतं. छताच्या लाकडी कमानी मुद्दाम बघा : दगडाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेलं लाकूड आहे ते. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. भाजे त्याहून जुनं आणि शांत. तिथली ढोल वाजवणारी बाई आणि तिच्यासमोर नाचणारी, एवढ्यासाठीही यायला हरकत नाही.

कार्ल्याच्या लेण्याला खेटूनच एकवीरेचं देऊळ आहे. चैत्रात आणि नवरात्रात तिथे कोळी-आगरी भाविकांची रीघ असते, त्या दिवसांत आम्ही ही सहल ठेवत नाही. पायऱ्या तीनशेच्या वर आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर आधी सांगा, भाज्याला जास्त वेळ देऊ.

नाणेघाट आणि कुकडेश्वर (नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे 5)

जुन्नरच्या पुढे तासाभराचा रस्ता. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच घाटाने देशावर चढायचा. तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. खरी दौलत शेजारच्या गुहेत : सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. यज्ञ कोणते केले, दक्षिणा म्हणून गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी किती दिली, याचा तो हिशोबच आहे, आणि त्यातले आकडे भारतात कोरलेल्या अगदी जुन्या अंकांपैकी आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा उरल्यात.

पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला सगळं जग तिथे लोटतं. धुक्यात लेख वाचता येत नाही आणि गर्दीत गुहेत उभं राहता येत नाही, म्हणून तेव्हा आम्ही जात नाही. येताना पूर गावी कुकडी नदीच्या उगमाजवळचं कुकडेश्वराचं देऊळ. जेवणाला जुन्नरची मासवडी. नाव ऐकून दचकू नका, त्यात मासा नाही, बेसन आहे.

पैसे आणि नियम

माणशी भाड्यात गाडी, नाश्ता, एक जेवण आणि लेण्यांची तिकिटं आली. होडीचे पैसे तिथेच होडीवाल्याच्या हातात द्यायचे. लहान मुलं जरूर आणा, स्पीकर आणू नका. पकड असलेले बूट आणि माणशी दोन लिटर पाणी हवं. दोन दिवस आधी रद्द केलंत तर सगळे पैसे परत, त्यानंतर निम्मे. ठरलेल्या थांब्यावर गाडी दहा मिनिटं वाट बघते, अकराव्याला निघते.