होर्मुझ की बाब-अल-मंदेब? नागपूरच्या पंपावर कुणाचा किती भार

२०२४ च्या जानेवारीचे पहिले दोन दिवस ज्यांनी नागपुरात काढले, त्यांना ती रांग आठवत असेल. मानेवाड्याकडच्या एका पंपावर मी दीड तास उभा होतो, बंद स्कूटर पायानं पुढे रेटत. माझ्या पुढच्या ऑटोवाल्या काकांनी कारण आधीच ठरवून टाकलं होतं. "ते होर्मुझमध्ये जहाज फोडून राहिले नं, त्याच्यानं पेट्रोल येऊन नाही राहिलं." मागून कुणीतरी दुरुस्ती केली, "होर्मुझ नाही जी, लाल समुद्र." काका म्हणाले, "एकच ते."

एकच नाही. आणि त्या रांगेचा तर दोन्हींशी संबंध नव्हता. हिट अँड रनच्या नव्या कलमावरून टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. २ तारखेच्या रात्री दिल्लीत बोलणी झाली आणि गाड्या निघाल्या. तेल समुद्रात अडलंच नव्हतं, ते डेपो आणि पंप यांच्या मधल्या रस्त्यावर अडलं होतं. पण काकांचा घोळ मला तेव्हापासून खटकत राहिला, कारण टीव्हीवरही ही दोन नावं एका दमात घेतात आणि लगेच खाली पट्टी फिरते: इंधन भडकणार.

होर्मुझ ही सामुद्रधुनी म्हणजे नागपूरच्या महाल भागातला एखादा आंधळा बोळ. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला ओमान, आणि आत इराणचं आखात. कुवेत, कतार, बहरीन यांची सगळी बंदरं या बोळाच्या आत, इराकचं बसराही आतच. सर्वात अरुंद जागी रुंदी तीसेक किलोमीटर, आणि मोठ्या जहाजांना जायला आणि यायला ज्या मार्गिका आखून दिल्या आहेत त्या जेमतेम तीन-तीन किलोमीटरच्या. २०२४ मध्ये इथून रोज सुमारे २ कोटी बॅरल तेल बाहेर पडत होतं, म्हणजे जग जेवढं वापरतं त्याच्या जवळपास पाचवा हिस्सा. बोळाच्या तोंडाशी बैल बसला, की आतली घरं आतच.

बाब-अल-मंदेबचं तसं नाही. ती येमेन आणि आफ्रिकेतल्या जिबूती-इरिट्रिया यांच्या मधली, लाल समुद्राची दक्षिणेकडची समुद्री खिंड, सुएझमार्गे युरोपला जाण्याच्या वाटेवरची. तिच्या नावाचा अर्थ 'अश्रूंचं दार', पण ते मागच्या अंगणातलं दार समजा, बंद झालं तरी दुसरी वाट असते. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं तेव्हा आपण काय करतो? शिव्या देतो आणि वळसा घालून जातो. जहाजांनीही तेच केलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पकडलं, नंतर क्षेपणास्त्रं-ड्रोन सुरू झाले, आणि एकेका कंपनीनं आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालायला सुरुवात केली. दहा ते चौदा दिवस जास्तीचे. २०२३ मध्ये या खिंडीतून रोज ८५ लाख बॅरलहून अधिक तेल जात होतं, २०२४ मध्ये ते निम्म्यावर आलं. तरी जगातलं तेल कमी झालं नाही, ते फक्त उशिरा पोचलं. ब्रेंट म्हणजे कच्च्या तेलाचा जगभर धरला जाणारा भाव, त्याची २०२४ ची सरासरी तर २०२३ पेक्षा किंचित खालीच राहिली.

आता हिशेब करू, कारण सगळा फरक इथेच आहे. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. डॉलर ८५ रुपये धरला, तर बॅरलमागे एक डॉलर वाढणं म्हणजे लिटरमागे ५३ पैसे. हा आकडा लक्षात ठेवा, बातम्या ऐकताना फार कामी येतो.

लाल समुद्रात हल्ले वाढले तेव्हा एका फेरीचा युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या एका टक्क्याच्या आसपास पोचला होता. समजा ८ कोटी डॉलरचं जहाज आहे आणि त्यात १० लाख बॅरल कच्चं तेल. विम्याचे ८ लाख डॉलर झाले, बॅरलमागे ८० सेंट, लिटरमागे ४२-४३ पैसे. खिंड टाळून वळसा घातला, तर जास्तीच्या भाड्याचा एक-दीड रुपया म्हणा. एवढ्यासाठी कुणी पंपावर भांडत नाही.

होर्मुझची नुसती धमकी पाहा. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष पेटला, इराणच्या संसदेत होर्मुझ बंद करण्याची भाषा झाली, आणि ब्रेंट ६९ डॉलरच्या आसपासून ८० च्या उंबरठ्यापर्यंत गेला. होर्मुझ बंद झालं नव्हतं, तरीही. दहा डॉलर म्हणजे लिटरमागे सव्वापाच रुपये, वर टक्केवारीतला व्हॅट. २४ जूनला शस्त्रसंधी झाली आणि भाव पुन्हा सत्तरच्या खाली उतरला. वळसा भाड्यात मोजला जातो. बोळ बंद होण्याची भीती सरळ तेलाच्या भावात.

मग त्या जूनमध्ये नागपूरच्या पंपावर काय झालं? काही नाही. पेट्रोल एकशेचारच्या आसपास होतं, तिथेच राहिलं. कागदावर २०१७ पासून दर रोज ठरतात, पण एप्रिल २०२२ नंतर कंपन्यांनी ते जवळपास गोठवूनच ठेवले. मधल्या काळात केंद्राची अबकारी कपात, राज्याची व्हॅट कपात आणि मार्च २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, दोन रुपयांची कपात, एवढंच हललं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रानं अबकारी दोन रुपयांनी वाढवली, तीही आपल्यापर्यंत आली नाही. चांगलंच की, असं वाटेल. पण ही उशी दोन्ही बाजूंनी काम करते. कच्चं तेल उतरलं तेव्हाही आपला मीटर उतरला नाही, आणि त्यावर रांगेत कुणी वाद घालताना मी ऐकलेलं नाही.

लाल समुद्राचा फटका भारताला बसला तो बराचसा विकण्याच्या बाजूनं. जामनगरच्या रिफायनऱ्यांचं डिझेल युरोपला याच वाटेनं जायचं. उलट रशियाचं तेल तिकडूनच आपल्याकडे येत होतं, आणि त्या टँकरांना हूथींनी बहुतांशी हात लावला नाही. म्हणून २०२४ मध्ये आपल्या रिफायनऱ्या निवांत होत्या.

होर्मुझचा खरा धाक पेट्रोलपेक्षा स्वयंपाकघराला आहे. देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आयात होतो, आणि त्यातला बहुतेक कतार, अमिराती, सौदी, कुवेतचा, म्हणजे बोळाच्या आतला. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूरला जमिनीखाली मोठे साठे आहेत. गॅसची तेवढी चैन नाही. नागपूरला आणखी एक जुनी ठेच आठवते: २०२२ च्या मार्चमध्ये इथला सीएनजी किलोला १२० रुपयांच्या घरात गेला होता, कारण शहरात पाइपलाइन नव्हती आणि द्रवरूप नैसर्गिक वायू (एलएनजी) गुजरातहून टँकरनं यायचा. तेव्हा निमित्त युक्रेनचं होतं. पण आपण आणतो त्या द्रवरूप वायूतला मोठा वाटा कतारचा, आणि कतार बोळाच्या आत.

एक गंमत मात्र काकांच्या बाजूनं आहे. होर्मुझ टाळायला सौदी अरेबियानं वाळवंटातून आडवी पाइपलाइन टाकली आहे, पूर्वेच्या तेलक्षेत्रातून थेट लाल समुद्रावरच्या यान्बू बंदरापर्यंत. छान सोय. फक्त तिथून भारताकडे यायचं तर टँकरला दक्षिणेला उतरून जायचं असतं बाब-अल-मंदेबमधूनच. दोन्ही एकदम पेटल्या, तर पळवाटेच्या तोंडाशीही बैल बसलेला. त्या दिवशी "एकच ते" हे बरोबर ठरेल.

आमच्या चौकातल्या तर्री पोह्याच्या टपरीवाल्याला यातलं एकही नाव माहीत नाही. त्याच्याकडे १९ किलोचा निळा सिलिंडर असतो. घरगुती लाल सिलिंडरचा दर सरकार धरून ठेवतं, निळ्याचा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो. त्यामुळे आखातात काय चाललंय हे तो १ तारखेला सकाळी मोबाईलवर बघतो आणि मग ठरवतो, प्लेटमध्ये चना किती टाकायचा.