जुनी गाडी चालू होत नाही? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा

कार्ब्युरेटरवर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणारी जुनी गाडी आमच्या गॅरेजमध्ये टो होऊन येते, तेव्हा बऱ्याचदा तिच्यात नवा पेट्रोल पंप (टाकीतून पेट्रोल खेचणारा), नवे प्लग आणि नवी कॉइल आधीच बसवलेली असते. अंदाजाने पार्ट बदलण्यात पैसे तर जातातच, शिवाय एखादा धडधाकट मूळ पार्ट भंगारात जातो आणि नवा त्या दर्जाचा असेलच असं नाही. दोष इंजिनापर्यंत पेट्रोल न पोचण्यात आहे की स्पार्कमध्ये, एवढं आधी ठरलं तरी निम्मं काम होतं.

सुरुवात बॅटरीपासून. १२ व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.५ च्या खाली घसरला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा स्टार्टर जास्त करंट ओढतोय. बॅटरी चांगली असूनही सेल्फ रडतखडत फिरत असेल, तर इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी पाहा. रंगाचा किंवा गंजाचा थर आड आला की ती नावापुरती उरते.

सेल्फ जोमाने फिरतोय, पण इंजिन पकडत नाही? मग थोडा सेल्फ मारून लगेच एक प्लग काढा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय. म्हणजे एकतर स्पार्क नाही, किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येतंय. स्पार्क नसेल तर तो तयार करणाऱ्या पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइलकडे वळा. एक लक्षण मात्र चटकन ओळखता येतं: चावी सेल्फवर धरलेली असताना इंजिन पकडतं आणि चावी सोडताच मरतं. बॅलास्ट रेझिस्टर (चालू इंजिनात कॉइलचं व्होल्टेज कमी ठेवणारा भाग) असलेल्या गाडीत हा दोष बहुधा त्या रेझिस्टरचा किंवा त्याच्या वायरिंगचा असतो. त्यासाठी पेट्रोल पंप उघडू नका.

प्लग कोरडा निघाला, तर कार्ब्युरेटरपासून टाकीकडे उलटं जायचं. एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकवा आणि अॅक्सिलरेटरची लिंक हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत) पेट्रोल आहे. (एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये धार शोधत बसू नका, त्यात ही धार उडवणारा अॅक्सिलरेटर पंपच नसतो.) धार नसेल तर कॉइलची वायर काढून ठेवा, कार्ब्युरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवून बाटलीत धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने भरभरून आलं, तर लाइन ठीक आहे. मग फ्लोटची निडल (चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी सुई) अडकली असेल किंवा जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक छिद्र) चोंदला असेल. थेंबथेंब आलं किंवा आलंच नाही, तर अडचण पंपात किंवा त्याच्या मागे आहे. हे काम थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करा. तशी सोय नसेल तर आमच्यावर सोडा.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत फ्लोट चेंबर सुकतो, त्यामुळे पहिल्यांदा जास्त सेल्फ मारावा लागणं हा दोष नाही. मेकॅनिकल पंपाला हाताने दाबायचा छोटा लिव्हर असेल तर तो वापरा, बॅटरी वाचेल. एसयूचा इलेक्ट्रिक पंप स्वतःच बोलतो: चावी फिरवल्यावर भराभर टिकटिकतो आणि फ्लोट चेंबर भरला की थांबतो. थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे, कुठे हवा किंवा पेट्रोल गळतंय, नाहीतर निडल बसत नाही. टिकटिक अजिबात नसेल तर आधी त्याची वायर, अर्थ आणि मग आतले पॉइंट तपासा.

सगळ्यात जास्त चकवणारी जागा म्हणजे टाकी ते पंप. इथे रबरी नळीला चीर गेली तर पेट्रोल बाहेर ठिबकेलच असं नाही. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो आणि बिचारा पंप बदलला जातो. कधी नळी बाहेरून ठणठणीत दिसते, पण आतून फुगून बंद होते. पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला आणि पंपातल्या पडद्याला (डायफ्रॅमला) मानवत नाही. म्हणून नळ्या बदलताना इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्या, साधी नळी चालवून घेऊ नका. आणि गाडी थोडी चालून मरत असेल, मग जरा वेळाने पुन्हा सुरू होत असेल, तर थांबल्यावर लगेच टाकीचं झाकण उघडा. सूंऽ करून हवा आत गेली आणि गाडी सुरळीत झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा पकडत नसेल, तर दोन शक्यता. नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली असेल, तर पंपावर ओलं फडकं ठेवून थोडं थांबा. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल उतू जाऊन इंजिन ओव्हर झालं असेल, तर चोक ओढू नका, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. अॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा मारलात तर आणखी पेट्रोल आत जाईल.

कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी सुरू करू नका. बॅकफायर झाला तर आग लागते. जास्त प्रेशरचा इलेक्ट्रिक पंपही आम्हाला न विचारता बसवू नका, त्याच्या जोराने निडल उचलली जाते आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो.

गाडी आणताना प्लग पुसू नका, टाकीतलं पेट्रोल काढू नका. फोनवर एवढं सांगा: गाडी थंड असताना अडते की गरम, किती दिवस उभी होती आणि आधी कोणता पार्ट बदलला.