वास येतो म्हणजे क्लोरीन जास्त झाला?

पाण्यातून साथ पसरली की नव्या शुद्धीकरण प्रकल्पाची मागणी होते. पाण्याची टाकी आधीच असते, ब्लीचिंग पावडरचं पोतं असतं, निर्जंतुकीकरणाचा नियमही असतो. चुकतो तो बहुतेकदा हिशेब.

५०,००० लिटरच्या टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा, तर १०० ग्रॅम लागतो. ताज्या पावडरीत तो साधारण ३३ टक्के असतो, म्हणून ३०० ग्रॅम पावडर. हा आकडा एकदा भिंतीवर लिहिला की वर्षानुवर्षं तिथेच राहतो. पावडर मात्र तशी राहत नाही. पोत्याचं तोंड उघडं, खोली दमट, खिडकीतून ऊन, की क्लोरीन निघून जातो आणि मागे चुना उरतो. दिसायला तीच पांढरी भुकटी. ती १५ टक्क्यांवर आली असेल तर ३०० ग्रॅममधून लिटरमागे ०.९ मिलिग्रॅमच क्लोरीन मिळतो. पाण्यातलं लोह, सेंद्रिय घाण आणि अमोनिया मिळून १.५ मिलिग्रॅम खात असतील, तर शिल्लक शून्य. नोंदवहीत मात्र ‘क्लोरिनेशन केले’.

अमोनियाची गोष्ट जरा वेगळी आणि फार मजेची आहे. सांडपाणी मिसळलं की तो पाण्यात येतो आणि क्लोरीनला धरून ठेवतो. आधी मोनोक्लोरामाइन बनतं. ते जंतू मारतं, पण फार सावकाश. अमोनियातल्या नायट्रोजनच्या सुमारे ५ पट वजनाचा क्लोरीन पडेपर्यंत हे वाढत जातं. त्यापुढे डायक्लोरामाइन तयार होऊ लागतं, मग सगळंच मोडून नायट्रोजन वायू सुटतो. म्हणजे या टप्प्यात डोस वाढवावा तसा उरलेला क्लोरीन चक्क कमी होतो! हिशेबाने ७.६ पटीला, प्रत्यक्षात १० पटीच्या आसपास, तळ गाठला जातो. हाच ‘ब्रेकपॉइंट’. त्यापुढे टाकलेला क्लोरीन मोकळा राहतो. नाकाला झोंबणारा वास पुष्कळदा तळाअलीकडच्या डायक्लोरामाइनचा असतो. लोक तक्रार करतात, डोस घटवला जातो आणि पाणी आणखी असुरक्षित होतं.

मग किती टाकायचं? त्यासाठी हॉरॉक्स संच आहे. अनेक पाणी योजनांच्या कपाटात तो धूळ खात पडलेला असतो. काळ्या कपात सपाट चमचाभर (२ ग्रॅम) तीच पावडर घ्या, थोड्या पाण्यात कालवा, खुणेपर्यंत पाणी भरा, ढवळा, निवळू द्या. सहा पांढऱ्या कपांत टाकीतलं तपासायचं पाणी घेऊन निवळीचे अनुक्रमे १, २, ३ असे ६ पर्यंत थेंब टाका. प्रत्येक कपाला वेगळी काडी. अर्धा तास थांबून प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे (क्लोरीन उरला असेल तर निळा रंग देणाऱ्या द्रावाचे) ३ थेंब टाका. पहिला स्पष्ट निळा कप तिसरा असेल तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम पावडर. आपल्या टाकीला ६६० ग्रॅम, भिंतीवरच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. पावडरीचा जोर आणि पाण्याची भूक, दोन्ही एकाच चाचणीत मोजली जातात, हे तिचं सौंदर्य.

पावडर कोरडी टाकीत ओतू नका. प्लास्टिकच्या बादलीत कालवून, निवळी तेवढी टाका. तळाला उरलेला चुना फेकून द्या. ढवळून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळ बसवा, कारण जंतू कणांच्या आड सुटतात.

पीएच ७.५ च्या आसपास क्लोरीन अर्धा हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, आणि खरा मारेकरी तोच. ८.५ ला तो जेमतेम दहावा भाग उरतो. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीपुढे मात्र क्लोरीन हात टेकतो, तिथे चांगली गाळणी हवी.

अर्ध्या तासानंतर टाकीत लिटरमागे ०.५ आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन मिळायला हवा. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या चाचणीत, पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत बघा. पाच मिनिटांनी दिसतो त्यात क्लोरामाइनही आलं. टाकीत ०.५ आणि टोकाला शून्य असेल तर डोस वाढवण्याआधी वाटेतला पाइप तपासा. पाणी बंद झाल्यावर आत पोकळी होते आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी ओढलं जातं.