बाँड होता होता राहिलेले

फेब्रुवारी 2025 मध्ये जेम्स बाँडच्या सिनेमांचे सर्जनशील निर्णय निर्मात्या ब्रॉकली घराण्याच्या हातून ॲमेझॉन एमजीएम या स्टुडिओकडे गेले आणि नवा बाँड कोण, या चर्चेला पुन्हा ऊत आला. अशा चर्चांमध्ये सगळा भर असतो तो चेहऱ्यावर, उंचीवर, सूट कोणाला शोभेल यावर. ही भूमिका आजवर कोणाला मिळाली आणि कोणाच्या हातून निसटली, हे मात्र बहुतेक वेळा ठरलंय ते करारातल्या कलमांवर आणि तारखांवर.

पडद्यावरचा पहिला बाँड अमेरिकन होता, हे अनेकांच्या गावीही नसतं. बाँडचा जनक इयन फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी आली 1953 मध्ये आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने तिचं तासाभराचं नाट्यरूप दाखवलं. त्यात बॅरी नेल्सनने बाँड केला आणि इतर पात्रं त्याला चक्क ‘जिमी’ म्हणत होती. तो प्रयोग तिथेच संपला.

खरी शोधाशोध सुरू झाली 1961 मध्ये. अल्बर्ट ‘कबी’ ब्रॉकली आणि हॅरी सॉल्ट्झमन या दोन निर्मात्यांनी हातमिळवणी केली. ‘डॉ. नो’ या पहिल्या बाँडपटासाठी युनायटेड आर्टिस्ट्स या स्टुडिओकडून मिळालेलं बजेट होतं साधारण 10 लाख डॉलर. ब्रॉकलीच्या मनात होता कॅरी ग्रँट. दोघांची दोस्ती इतकी जुनी की ब्रॉकलीच्या लग्नात वराचा पाठराखा ग्रँटच होता. पण ग्रँट तेव्हा सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि एका सिनेमापलीकडे बांधून घ्यायला तयार नव्हता. निर्मात्यांना तर मालिका उभी करायची होती. शिवाय एवढ्या मोठ्या ताऱ्याचं मानधन दिल्यावर तेवढ्या पैशांत सिनेमा करायचा कशात? फ्लेमिंगची पसंती डेव्हिड निव्हनला होती. निव्हनने पुढे 1967 मध्ये बाँड केलाही, पण तो दुसऱ्याच निर्मात्याच्या विडंबनपटात. टीव्हीवर गुप्तहेर म्हणून गाजत असलेल्या पॅट्रिक मॅकगुहनला बाँडचा स्त्रीलंपटपणा आणि हाणामारी पटेना, त्याने नकार दिला. दिग्दर्शक टेरेन्स यंगच्या मनात रिचर्ड जॉन्सन होता, तर तो आधीच एमजीएमच्या करारात अडकलेला. ‘डेली एक्स्प्रेस’ या ब्रिटिश वृत्तपत्राने बाँडच्या शोधासाठी स्पर्धाही घेतली. ती जिंकली पीटर अँथनी नावाच्या मॉडेलने, पण त्याला अभिनयाचा अनुभव नव्हता.

मग आला शॉन कॉनरी. एडिंबरामध्ये घरोघर दूध टाकणारा, शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरलेला, तिशीतला स्कॉटिश नट. नाव फारसं नाही, म्हणून मानधन कमी, आणि पुढच्या अनेक सिनेमांसाठी बांधून घ्यायला तयार. निर्मात्यांना नेमकं हेच हवं होतं. मुलाखतीला तो चुरगळलेल्या कपड्यांत आला आणि टेबलावर हात आपटत बोलला. तो गेल्यावर दोघा निर्मात्यांनी खिडकीतून त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं आणि त्या चालीवर शिक्कामोर्तब झालं, असं ब्रॉकली सांगत असे. त्याची पत्नी डेना हिचाही कौल कॉनरीलाच होता. उरलेलं काम यंगने केलं. तो कॉनरीला आपल्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे घेऊन गेला आणि जेवायचं कसं, वावरायचं कसं हे त्याला शिकवलं. फ्लेमिंगने आधी नाक मुरडलं, पण सिनेमा पाहिल्यावर त्याचं मत इतकं बदललं की 1964 च्या कादंबरीत त्याने बाँडच्या बापाला स्कॉटिश करून टाकलं! नटामुळे मूळ पात्राची वंशावळ बदलल्याची अशी उदाहरणं थोडीच.

कॉनरी वैतागून बाहेर पडल्यावर 1968 मध्ये आला जॉर्ज लेझनबी, चॉकलेटच्या जाहिरातीत दिसलेला ऑस्ट्रेलियन मॉडेल. पठ्ठ्याने कॉनरीच्या न्हाव्याकडून केस कापून घेतले, सिंक्लेअरकडे कॉनरीने न नेलेला सूट मिळवला आणि तो घालून थेट निर्मात्यांच्या ऑफिसात धडकला. चाचणीच्या मारामारीत त्याने समोरच्या पैलवानाचं नाक फोडलं, तेही त्याच्या पथ्यावर पडलं. सात सिनेमांचा करार पुढ्यात होता, पण बाँडचा जमाना संपला असा सल्ला मिळाल्याने त्याने सही केली नाही. एका सिनेमात कारभार आटोपला. याच सुमाराला टिमथी डॉल्टनलाही विचारणा झाली होती. आपण फार कोवळे आहोत म्हणून तो मागे सरला.

पुढचा किस्सा जॉन गॅव्हिनचा. 1971 च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’साठी या अमेरिकन नटाशी करार झालासुद्धा. पण युनायटेड आर्टिस्ट्सला कॉनरीच हवा होता. त्याला साडेबारा लाख डॉलर देऊन परत आणलं आणि गॅव्हिनला एकही दृश्य न करता कराराचे पैसे पोचते झाले. (कॉनरीने त्या रकमेतून स्कॉटलंडमध्ये शिक्षणासाठी न्यास काढला, गॅव्हिन पुढे मेक्सिकोत अमेरिकेचा राजदूत झाला. म्हणजे वाईट कोणाचंच झालं नाही.) मग 1973 मध्ये रॉजर मूर आला. तो कॉनरीपेक्षा जवळपास तीन वर्षांनी मोठा होता, ही गंमत सहसा लक्षात येत नाही.

उदयपूरला चित्रित झालेल्या ‘ऑक्टोपसी’तही मूरऐवजी दुसराच कोणी दिसला असता. मूरचा करार अडला होता आणि जेम्स ब्रोलिनची स्क्रीन टेस्टही झाली होती. पण 1983 मध्येच कॉनरी एका प्रतिस्पर्धी बाँडपटातून परतणार हे कळलं. कॉनरीसमोर नवखा उतरवायचा जुगार कोण खेळणार? मूरला पुन्हा बोलावलं गेलं. कबीर बेदीचा गोबिंदा विमानाच्या टपावर झुंजला तो मूरशी.

सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट मात्र 1986 ची. पिअर्स ब्रॉस्ननची ‘रेमिंग्टन स्टील’ ही मालिका एनबीसीने चार हंगामांनंतर बंद केली. ब्रॉस्नन मोकळा झाला आणि बाँड म्हणून त्याची निवड जवळपास पक्की झाली. पण त्याच्या करारात एक कलम होतं. मालिका बंद झाल्यावरही निर्मात्यांना ती पुन्हा विकायला 60 दिवसांची मुदत होती. भावी बाँड म्हणून त्याचं नाव झळकू लागलं, तशी लोकांना बंद पडलेल्या मालिकेची आठवण झाली. ज्या बातमीने त्याचं नशीब उघडायचं, तिनेच मालिकेचा भाव वाढवला. मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी वाहिनीने मालिका परत घेतली. टीव्हीवर दर आठवड्याला फुकट दिसणारा बाँड ब्रॉकलीला नको होता. ब्रॉस्नन गेला, आणि मालिकेचे पुढे जेमतेम काही भाग निघाले.

सॅम नीलचीही टेस्ट झाली होती. दिग्दर्शक जॉन ग्लेनला तो पसंत होता, ब्रॉकलीला नाही. अखेर भूमिका गेली डॉल्टनकडे, पूर्वी स्वतःला कोवळा समजणाऱ्याकडे. तो हातातलं एक चित्रीकरण संपवून थेट बाँडच्या सेटवर आला. दोन सिनेमांनंतर कोर्टकज्ज्यांत बाँडपटांची मालिका अडकली आणि 1994 मध्ये त्याने राजीनामा दिला. 1995 च्या ‘गोल्डनआय’मध्ये ब्रॉस्नन एकदाचा बाँड झाला.

2005 मध्ये प्रकरण वेगळं होतं. ‘कसिनो रॉयाल’चा दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलच्या सांगण्यानुसार शेवटच्या फेरीत हेन्री कॅव्हिल चांगलाच रंगला होता, पण वय अवघं 22. कबी ब्रॉकलीची मुलगी आणि आताची निर्माती बार्बरा ब्रॉकली हिचा आग्रह डॅनिएल क्रेगसाठी. टेम्सवरून नौदलाच्या स्पीडबोटीने, लाइफजॅकेट घालून आलेल्या या सोनेरी केसांच्या बाँडची इतकी टिंगल झाली की विरोधासाठी वेबसाइट निघाली. सिनेमाने जगभरात सुमारे 60 कोटी डॉलर कमावल्यावर विरोधक गप्प झाले.

बाँड निवडणं म्हणजे दहा-बारा वर्षांची बांधिलकी, असं बार्बरा ब्रॉकलीने 2022 मध्ये सांगितलं होतं. या हिशेबाने आता चाळिशी ओलांडलेल्या कॅव्हिलची गाडी चुकलीच म्हणायची. मूर मात्र 45 व्या वर्षी आला आणि 57 व्या वर्षापर्यंत टिकला.