बुश फिरत नाही, पिळतो

माझ्या सतरा वर्षांच्या गाडीचे दोन्ही लोअर आर्म, म्हणजे चाकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे, बदलले आणि वर्ष पुरं व्हायच्या आत खड्ड्यातून जाताना पुन्हा तीच 'ठक्' ऐकू आली. आर्म खोलून पाहिले. चाकाकडच्या टोकाचे फिरते सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, घट्ट; त्यांची रबरी आवरणं, म्हणजे बूट, शाबूत. सांगाड्याकडच्या टोकाला असतात त्या बुशचं रबर मात्र आतल्या नळीपासून सुटत चाललेलं. "माल डुप्लिकेट," असा निकाल सगळ्यांनी देऊन टाकला. मला तो पटेना. डावी-उजवीकडची फाट अगदी आरशातल्यासारखी सारखी होती, आणि खराब माल इतका शिस्तीत फाटत नाही.

बुश म्हणजे एक प्रकारचं बेअरिंग, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती एकात एक बसवलेल्या दोन लोखंडी नळ्यांची जोडी, आणि मधलं रबर कारखान्यातच दोन्हींना कायमचं चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये करकचून पकडली जाते. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्मबरोबर फिरते ती फक्त बाहेरची नळी. मधलं रबर पिळलं जातं, परत सुटतं. कुठे काही घासत नाही, वंगण लागत नाही. मला ही युक्ती बेहद्द आवडते.

पण या पिळाचं शून्य कुठे? जिथे बोल्ट आवळला तिथे!

गाडी जॅकवर असते तेव्हा चाक खाली लोंबतं. आर्म ३५ सेंटिमीटर लांब आणि चाक ९ सेंटिमीटर उतरलेलं धरा. कोन होतो साधारण १५ अंश. तशाच अवस्थेत बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर १५ अंशांनी पिळलं जातं आणि तसंच राहतं, गाडी नुसती उभी असतानासुद्धा. रबराचा थर ८ मिलिमीटर आणि त्याची सरासरी त्रिज्या १२ मिलिमीटर असेल तर एक बाजू दुसरीच्या मानाने ३ मिलिमीटर सरकलेली, म्हणजे जाडीच्या जवळजवळ ४० टक्के. खड्ड्याचा पीळ त्यावर आणखी.

आता रबराच्या आत डोकावू. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवलं, तेव्हापासून रबराच्या लांब साखळ्या गंधकाच्या पुलांनी बांधायची रीत आहे. या साखळ्यांत कार्बनचे दुहेरी बंध उरतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांनाच तोडतो. सैल रबराला त्याचं फारसं काही वाटत नाही. ताणलेल्या रबरात मात्र तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर खेचली जातात, ताणाच्या आडव्या दिशेने भेग उघडते, आतलं ताजं रबर उघडं पडतं आणि ओझोनला पुढचा घास मिळतो. माझे बुश दिवसरात्र ताणात उभे होते.

याला उतारा म्हणून पॉलियुरेथेनचे बुश 'एकदा टाका, विसरा' म्हणून खपवले जातात. ते बहुधा चिकटवलेले नसतात, नळीवर फिरतात, म्हणून हा पीळ त्यांना बाधत नाही हे खरं. पण ते कडक असतात, रस्त्याची थरथर केबिनमध्ये आणतात आणि ग्रीस सुकलं की कुरकुरतात. विसरू कसे देतील?

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) यांची गोष्ट वेगळी. ते खरोखरच फिरणारे सांधे, वाटीतली गोळी. बूट फाटला, ग्रीसमध्ये माती गेली की प्ले, म्हणजे सैलपणा, आलाच. उचललेलं चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवलं की टाय रॉडकडचा प्ले हाताला कळतो, वर-खाली धरून हलवलं की बॉल जॉइंटचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा.

दुसऱ्या खेपेला मी काही खोलण्याआधी गाडी सपाट जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवलं. नवे आर्म बसवले, बुशचे बोल्ट हातानेच लावून सोडले. गाडी स्टँडवर पक्की करून आर्मच्या टोकाखाली जॅक लावला आणि टेपवर तेच अंतर येईपर्यंत हळूहळू वर घेतला. मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा पाना. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, त्याच्याही नंतर.