नव्याचे नऊ दिवस आणि उरलेले ७३ सामने

सप्टेंबरात कुणी हिशेबातही न धरलेला एखादा संघ नोव्हेंबरात एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या, गुणतालिकेत वर बसलेला दिसतो, आणि व्हँकुव्हरपासून मॉन्ट्रियलपर्यंत एकच चर्चा सुरू होते: हे टिकेल का? चर्चा दरवर्षीची असली तरी प्रश्न वाटतो तितका जुना नाही.

१९६७ पर्यंत लीगमध्ये सहाच संघ होते आणि त्यातले चार प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीला, जायचे. १९७९ ते १९९१ या काळात २१ पैकी १६ संघ आत घेतले जात. सुरुवात चांगली झाली काय नि वाईट झाली काय, फारसं बिघडत नसे. २०००-०१ मध्ये संघ ३० झाले, जागा मात्र १६च राहिल्या. पुढे २००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात वाहून गेला. खेळ परत सुरू झाला तो पगाराची मर्यादा घेऊनच. पहिल्या वर्षी एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून ३ कोटी ९० लाख डॉलरच खर्च करता येत होते. श्रीमंत संघांचं पैशाचं बळ त्यामुळे आटलं, संघांतलं अंतर कमी झालं, आणि तळातला संघ महिनाभर वर दिसणं ही अशक्य गोष्ट राहिली नाही.

त्याआधीचा एक निर्णयही इथे महत्त्वाचा. जिंकणाऱ्याला दोन गुण मिळतात; १९९९-२००० पासून ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, हरणाऱ्यालाही एक गुण मिळू लागला. २००५-०६ मध्ये बरोबरी रद्द होऊन शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने गोलकीपरसमोर मारायचे निर्णायक शॉट, आलं, आणि हा एक गुण कायमचा चिकटला. तेव्हापासून काही सामन्यांत दोन गुण वाटले जातात, काहींत तीन. पुढे असलेला संघ हरतानाही एखादा गुण खिशात घालतो आणि मागून येणाऱ्याची दमछाक होते. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, जे संघ पात्रतेच्या जागांवर असतात त्यांतले साधारण तीन चतुर्थांश एप्रिलमध्येही तिथेच सापडतात, त्यामागे हेही एक कारण आहे. १६ पैकी बारा टिकतात, चार गळतात. उलट्या दिशेचं मोठं उदाहरण सेंट लुईसचं. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी ते ३१ संघांत शेवटचे होते आणि १२ जूनला बॉस्टनच्या मैदानावर त्यांनी लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनले चषक पहिल्यांदाच उचलला. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते की अपवादालाच लोक नियम समजू लागले आहेत. आपल्याला इथे बघायचे आहेत ते गळणारे चार.

त्यांचा आधुनिक इतिहास २०११-१२ च्या मिनेसोटापासून मोजायला हवा. नवा प्रशिक्षक आणि मोठ्या नावांचा फारसा भरणा नसलेला संघ, तरी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात २० विजय, ७ पराभव, ३ ओव्हरटाइममधले पराभव अशी लीगमधली सर्वोत्तम कामगिरी. पण जवळजवळ प्रत्येक सामन्यात प्रतिस्पर्धी त्यांच्यापेक्षा जास्त शॉट मारत होते. आकडे बघणाऱ्या काही हौशी मंडळींनी तेव्हाच लिहिलं होतं की हे कोसळणार. कोसळलं. मोसम संपला तेव्हा ८१ गुण आणि प्लेऑफ नाही. त्याच वर्षी डॅलसने पहिल्या १४ पैकी ११ सामने जिंकले होते, तेही एप्रिलमध्ये घरी बसले. आकडेवाल्यांच्या शब्दाला वजन आलं ते तिथून, आणि त्यांच्यासोबत एक शब्दही मुख्य प्रवाहात आला: पीडीओ.

या शब्दापाशी थोडं थांबतो, कारण बराचसा घोळ त्यातच आहे. पीडीओ ही कशाची आद्याक्षरं नाहीत. आकडेमोडीची कल्पना मांडणारा चाहता संगणकावरच्या एका खेळात ज्या टोपणनावाने खेळायचा, ते नाव तिला चिकटलं. गणित अगदी सोपं आहे. दोन्हीकडे गोलकीपर सोडून पाच-पाच खेळाडू असताना आपल्या शॉटपैकी शेकडा किती गोल झाले, आणि आपल्यावर आलेल्या शॉटपैकी आपल्या गोलकीपरने शेकडा किती अडवले, या दोन्हींची बेरीज. गोलजाळीवर आलेला प्रत्येक शॉट एकतर गोल होतो नाहीतर अडवला जातो, त्यामुळे सगळ्या लीगची मिळून बेरीज १०० च येणार. गेल्या दशकात ढोबळमानाने ८ आणि ९२ अशी विभागणी असायची. एखाद्या संघाची बेरीज १०३ दिसली की म्हणायचं, हे उतरणार. ९७ दिसली की, हे सावरतील. लीगने २०१५ मध्ये हे आकडे स्वतःच्या संकेतस्थळावर घेतले तेव्हा नाव बदललं, पण लोकांच्या तोंडी पीडीओच राहिलं.

या विचारात तथ्य किती, ते स्वतः करून पाहता येतं. वीस सामने, दर सामन्यात पंचवीस शॉट, म्हणजे ५०० शॉट. शेकडा ८ च्या दराने गोल होतील ४०. पण कौशल्य अगदी तेच ठेवूनही ४० चे ५० होण्याची शक्यता शेकडा पाच-सहा उरतेच. संघ आहेत ३२. म्हणजे सगळे संघ तंतोतंत सारख्याच ताकदीचे असते, तरी असा फुगलेला एखाददुसरा संघ दर नोव्हेंबरला दिसलाच असता. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर तीन झेल सुटून झालेलं शतक शतकच असतं, धावफलकावरून ते कुणी पुसत नाही. मात्र पुढच्या डावाचा अंदाज त्यावरून बांधायचा नसतो.

इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती या बेरजेला सरसकट ‘नशीब’ म्हणण्याबद्दल. बेरजेतला अर्धा भाग गोलकीपरचा आहे. रात्री-अपरात्री विमानाने फिरून दुसऱ्या दिवशी पस्तीस शॉट अंगावर घेणाऱ्या माणसाच्या कामाला नशीब म्हणणं मला पटत नाही. गणिताच्या दृष्टीनेही ते चूक आहे, आणि याचा सगळ्यात ठळक पुरावा मॉन्ट्रियलचा.

ऑक्टोबर २०१५ मध्ये मॉन्ट्रियलने मोसमातल्या ८२ पैकी पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले. शंभराहून अधिक वर्षांच्या या संघाच्या इतिहासातली ती सर्वोत्तम सुरुवात. त्यांचा गोलकीपर आदल्याच मोसमात लीगमधला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता, आणि हा मान गोलकीपरच्या वाट्याला क्वचितच येतो. नोव्हेंबरच्या अखेरीस तो जायबंदी झाला आणि त्या मोसमात परतलाच नाही. एकूण बारा सामने खेळला. संघ ८२ गुणांवर थांबला, प्लेऑफ हुकली. आता त्यांच्या पीडीओची रेघ बघा: सुरुवातीला बेरीज वर, नंतर खाली. सरासरीकडे परतणाऱ्या संघाची रेघ जशी दिसते, अगदी तशीच. नशीब फिरलं की माणूस जखमी झाला, हे त्या आकड्याला कळतच नाही. दोन्ही वेळा तो सारखाच उतरतो, आणि भाकीत करणाऱ्याला दोन्ही वेळा आपण बरोबर ठरलो असं वाटतं.

टोरांटोच्या २०१३-१४ च्या मोसमाकडेही मी याच नजरेने बघतो, आणि हे सगळ्यांना मान्य होणार नाही. त्यांच्यावर दर सामन्यात सुमारे ३६ शॉट येत होते, लीगमध्ये सर्वाधिक. हे फार काळ चालणार नाही असं आकडेवाले ऑक्टोबरपासून सांगत होते, आणि संघाचे कारभारी त्यांना जाहीरपणे उडवून लावत होते. १३ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये जिंकून टोरांटोने ८० गुण गाठले. १४ सामने बाकी होते. त्यातले सलग आठ हरले, एकूण बारा हरले, आणि ८४ वर मोसम संपला. त्या उन्हाळ्यात संघाने आकडेमोड करणाऱ्या मंडळींना नोकरीवर घेतलं, एवढा तो धक्का होता. मात्र त्या दिवशी लॉस एंजेलिसमध्येच पहिल्या पसंतीच्या गोलकीपरला दुखापत झाली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. आकडेवाले चुकले असं मी म्हणत नाही. इतके शॉट खाणारा संघ एका माणसाच्या मांडीच्या स्नायूवर उभा असतो, आणि खरा धोका तो. पीडीओ त्या धोक्याचं नाव सांगत नाही.

बफेलोची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी सलग दहा सामने जिंकले आणि लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. वर्षानुवर्षं प्लेऑफ न पाहिलेलं शहर वेडं व्हायचंच राहिलं होतं. मोसम संपला ७६ गुणांवर. सलग दहा जिंकूनही त्याच मोसमात प्लेऑफला न पोचलेला लीगच्या इतिहासातला तो दुसरा संघ. त्या दहांतले बहुतेक सामने एका गोलाने जिंकलेले, अनेक ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये. तिथे गोलकीपरचा दोष नव्हता आणि दुखापतींचंही निमित्त नव्हतं. साठ मिनिटांत बरोबरीत राहणारा तो संघ होता, आणि गुणतालिकेने त्याला विजेता दाखवलं.

काही संघ मोसमभर टिकतात आणि किंमत पुढच्या वर्षी मोजतात. कोलोराडो २०१३ च्या छोट्या मोसमात ३० संघांत २९ वं होतं. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पुढच्या मोसमात पहिल्या तेरांतले बारा सामने जिंकले आणि शेवटी ११२ गुण मिळवले, तेही प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी शॉट मारून. त्यांच्या गोलकीपरचा तो कारकिर्दीतला सर्वोत्तम मोसम होता. पुढच्या वर्षी ९० गुण, प्लेऑफ नाही. कॅल्गरी: २०१४-१५ मध्ये ९७, मग ७७. व्हँकुव्हरने २०२३-२४ ची सुरुवात एडमंटनला ८-१ ने हरवून केली आणि १०९ गुणांपर्यंत मजल मारली; नंतर पुन्हा ९० आणि पुन्हा बाहेर. या तिन्ही संघांच्या प्रशिक्षकांना त्या-त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला, आणि सव्वादोन वर्षांच्या आत तिघांचीही खुर्ची रिकामी झाली. अपेक्षेपेक्षा जास्त गुण मिळाले की श्रेय बाकामागे उभ्या असलेल्या माणसाला, म्हणजे प्रशिक्षकाला, द्यायचं, ही या लीगची जुनी खोड आहे.

मग खरोखर टिकलेले कोण? व्हेगासचं नाव आधी येतं. २०१७-१८ मध्ये इतर संघांनी सोडून दिलेल्या खेळाडूंतून उभा राहिलेला हा संघ तळाला जाणार असं जवळपास सगळ्यांनी धरलं होतं. पहिल्या नऊपैकी आठ जिंकले, १०९ गुण झाले, थेट अंतिम फेरी गाठली. पाच वर्षांनी चषकही आला. तिथे मोसमभराचे शॉटचे आकडेही संघाच्या बाजूने होते, जे मिनेसोटाच्या बाबतीत नव्हते.

आणि दुसरं न्यू जर्सीचं. २०२१-२२ मध्ये ६३ गुण. पुढचा मोसम दोन पराभवांनी सुरू झाला तेव्हा प्रेक्षकांनी घरच्याच मैदानावर प्रशिक्षकाला काढा म्हणून घोषणा दिल्या. मग सलग तेरा विजय. नोव्हेंबरात त्याच प्रेक्षकांनी त्याच माणसाची घोषणा देऊन माफी मागितली. हा संघ सामन्यामागून सामना प्रतिस्पर्ध्यापेक्षा कितीतरी जास्त शॉट मारत होता, म्हणून तो उतरेल असं आकडेवालेही म्हणत नव्हते. शेवटी ११२ गुण, एका वर्षात ४९ ची उडी. पण २०२३-२४ मध्ये दुखापती झाल्या, गोलजाळीत कुणाचाच जम बसला नाही, आणि गुण ८१ वर घसरले. ज्याची माफी मागितली होती त्या प्रशिक्षकाला मार्च २०२४ मध्ये घरी पाठवलं. जूनमध्ये कॅल्गरीहून नवा गोलकीपर आणला, आणि २०२४-२५ च्या मोसमात न्यू जर्सी ९१ गुण मिळवून पुन्हा प्लेऑफमध्ये होतं.